साताऱ्यातलं डिश फिटिंग : 5 पैकी 1 स्टार, तो पण ड्रिल मशीनला

दुकानाचं नाव लिहीत नाहीये, आधीच सांगते. नानांनी म्हणजे माझ्या सासऱ्यांनी बजावलंय की त्या मालकाची आणि आपली लांबनं ओळख निघते, सातारा केवढंसं, उद्या कुणाच्या तरी लग्नात एकाच पंगतीला बसायची वेळ यायची. तर पोवई नाक्याच्या अलीकडं पलीकडं कुठंतरी आहे एवढंच धरा. डिशची कंपनी कुठली तेही सांगत नाही, कारण खरं सांगू का, छत्री चांगली आहे, बॉक्स चांगला आहे, बसवणाऱ्याच्या हाताला तेवढी चव नाही.

आमचं घर गोडोलीत, किल्ल्याच्या पायथ्याकडं, खाली एक वर एक आणि वर गच्ची. आधी केबल होती. रस्ता खोदला की केबल तुटायची आणि आमच्याकडं रस्ता कधी खोदलेला नसतो ते सांगा. म्हणून मागच्या वर्षी एप्रिलमध्ये ठरवलं की डिश घेऊन टाकू. मिस्टर चाकणला कंपनीत, शनिवार-रविवारीच घरी, त्यामुळं असली सगळी कामं माझ्यावर. सासूबाईंची एकच अट होती, संध्याकाळी सात ते साडेनऊ काही अडचण येता कामा नये, बाकी दिवसभर बंद पडला तरी त्यांची हरकत नाही.

मी शिवणकाम करते, घरीच, अठरा वर्षं झाली. हे मधेच का सांगतेय तर कुणाचंही काम बघताना मला ते उलटं करून बघायची सवय आहे. वरनं इस्त्री मारली की कुठलाही ब्लाऊज झकासच दिसतो, उलटा केला की कळतं अस्तर कसं धरलंय, कडेला कापड किती ठेवलंय, टीप दुहेरी आहे का नुसती कच्ची ओढून दिलीये. पण डिश उलटी करून कशी बघायची हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि तिथंच मी फसले.

दोन पोरं आली मोटरसायकलवर, मागच्याच्या मांडीवर छत्री. अकरा वाजता आली आणि बारा वाजायच्या आत गेली पण. मी मनात म्हणलं काय पटापट काम करतात, आपली पिको-फॉलवाली अशी असती तर. आधी मी म्हणलं कठड्यावर लावा ना, तर त्यातला मोठा म्हणाला, वहिनी कठडा चार इंची आहे, विटा फुटतील, खाली मारतो, हत्ती बांधला तरी हलणार नाही. (कठड्याचं त्याचं म्हणणं बरोबर होतं हं, ते मला नंतर दुसऱ्यांनी पण सांगितलं, पण मग जिन्यावरच्या खोलीची नऊ इंची भिंत शेजारीच उभी होती की.) खाली म्हणजे नक्की कुठं ते काही मी विचारलं नाही, त्यांच्यासाठीच चहा टाकायला गेले. वरनं घर्रर्र आवाज येत होता, भुगा पडल्याचा वास येत होता, आणि मी इकडं आलं ठेचतेय.

वर जाऊन बघते तर गच्चीच्या जमिनीत चार भोकं. आमच्या गच्चीला आदल्याच वर्षी वॉटरप्रूफिंग केलेलं, विटांच्या तुकड्यांचा कोबा, वर सिमेंटची घोटाई, बावीस हजार मोजलेले. त्या कोब्यात यानं ड्रिल घातलेलं. मी म्हणलं अहो हे काय केलंत, पाणी जाईल ना. तर म्हणाला, बोल्ट बसला की भोक बुजलं वहिनी, पाणी जायला जागा कुठं राहते. त्यातल्या दोन भोकांत लोखंडी फास्टनर होते आणि दोनात प्लॅस्टिकच्या गुट्ट्या घालून स्क्रू पिळलेले, कारण पुडीत फास्टनर दोनच निघाले. हे पण त्यानंच सांगितलं, एकदम सहज, जसं काय भाजीत मीठ जरा कमी आहे.

मग वायर. ती गच्चीवरनं खाली सोडली, कपडे वाळत घालायच्या तारेला दोन ठिकाणी बांधली आणि हॉलच्या सरकत्या खिडकीच्या फटीतनं आत घेतली. मी म्हणलं भिंतीला भोक पाडून घ्या की, खिडकी लागणार कशी. लागते की वहिनी म्हणाला, आणि सगळा जोर लावून खिडकी लावून दाखवली. वायर चेपली त्यात, मला दिसलं, पण त्याच क्षणी टीव्हीवर चित्र आलं आणि सासूबाई बाहेर आल्या, अगं किती स्वच्छ दिसतंय म्हणाल्या, मग माझं कोण ऐकतंय. पोरानं रिमोट घेऊन मेनूत जाऊन एक हिरवी पट्टी दाखवली, बघा फुल्ल सिग्नल. तिच्या खाली दुसरी पट्टी होती, निम्मीच भरलेली, ती कसली विचारलं तर ती काही नसती म्हणाला. फिटिंगचे साडेचारशे घेतले, वायर जादा लागली म्हणून वर तीनशे. जादा वायरीचा विषय पुढं येईल परत.

आता इथं मला जरा मागचं सांगायचंय. माझं माहेर पण साताऱ्यातच, मंगळवार तळ्याकडं. लहानपणी आमच्या कौलांवर अँटेना होता, ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा, अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरकडं तोंड करून, आणि त्याची ती चपटी रिबिनीसारखी वायर खाली यायची. त्या अँटेनाचं एक बरं होतं, त्याला काही झालं की लगेच कळायचं. थोडा फिरला, मुंग्या. कावळा बसून नळी वाकली, मुंग्या. वायर कुठं सुटली तर माणसाशेजारी त्याच माणसाची सावली. जेवढा बिघाड तेवढ्या मुंग्या, अगदी मापात. ह्या डिशचं तसं नाही. डिजिटलमध्ये सिग्नल काठावर आला तरी चित्र काचेसारखंच दिसत राहतं, काठाच्या एक पाऊल पलीकडं गेला की चौकोन चौकोन पडतात आणि पुढच्या पावलाला निळा पडदा. मधलं काही नाहीच. म्हणजे बसवणाऱ्यानं काठावर आणून सोडून दिलं तरी त्या दिवशी तुम्हाला काही कळणारच नाही, तुम्ही त्याला चहा पाजून पैसे देऊन मोकळे. जुन्या काळात असलं काम केलं असतं तर शिडीवरनं उतरायच्या आधीच आमच्या आईनं त्याला परत वर चढवलं असता.

एप्रिल गेला, काही नाही. मे मध्ये एक दिवस वळीव आला, धुळीचं वावटळ आणि मग टपोरे थेंब, वीस मिनिटांचा खेळ. टीव्ही गेला. वळीव थांबला, ऊन पडलं, टीव्ही काही येईना. दुकानात फोन केला तर म्हणाले पावसात सगळ्यांचंच जातं. म्हणलं दादा पाऊस थांबून दोन तास झाले. दुसऱ्या दिवशी पोरगा आला, छत्री हातानं हिसका देऊन थोडी फिरवली, चित्र आलं, व्हिजिटचे अडीचशे घेतले. जूनमध्ये परत तेच. आपल्याकडं पावसाळ्यात वारा कसा असतो ते गोडोली शाहूनगरच्या लोकांना सांगायला नको, यवतेश्वरकडनं जो सुटतो तो पत्रे पण वाजवतो. परत अडीचशे. ह्या वेळी कारण नवीन, समोर तीन मजली बिल्डिंग झालीये ना वहिनी, ती आडवी येते, रेंज अडवते. आता ती बिल्डिंग एप्रिलमध्ये पण तिथंच होती, पण मी काही बोलले नाही, मला वाटलं असेल बाबा, त्यांना माहीत.

तिसरी भानगड जास्त गमतीची. जुलैत एक दिवस अर्धे चॅनेल दिसेनात आणि अर्धे अगदी ठणठणीत. बातम्या दिसतायत, क्रिकेट दिसतंय, आणि सासूबाईंची मालिका लागते तेच चॅनेल गायब, शिवाय अजून पाच-पंचवीस. घरात काय वातावरण झालं असेल ते तुम्हीच समजून घ्या, सात वाजता मी मशीन बंद करून शेजारच्या काकूंकडं त्यांना सोडून यायची. फोन केला तर म्हणे पॅकेज संपलं असेल. पॅकेज भरलेलं. मग म्हणे एलएनबी गेला असेल. एलएनबी म्हणजे छत्रीच्या समोर दांडीवर जो डोळ्यासारखा डबा असतो तो. नवीन टाकला, साडेचारशे. दोन दिवस आले चॅनेल आणि परत गेले. आता एवढ्या दिवसांत त्या पोराला सुचलं नाही की नवीन डबा टाकून पण तेच होतंय म्हणजे दुखणं दुसरीकडं आहे. ब्लाऊज काखेत काचतोय म्हणून गळा उसवून काय उपयोग.

आणि ह्या सगळ्यात वरच्या बेडरूमच्या छताला एक पिवळट डाग. आधी ताटाएवढा, मग परातीएवढा. बरोबर छत्रीच्या खाली.

तेव्हा मात्र मी दुकानाचा नाद सोडला. राजवाड्याकडं एक जुने टीव्ही मेकॅनिक काका आहेत, सत्तरीच्या आसपासचे, माझ्या माहेरचा टीव्ही पण तेच बघायचे. आता दुकान बंद केलंय, ओळखीतलं काम असेल तरच येतात. ऑगस्टमध्ये चार दिवस उघडीप होती तेव्हा आले. वर गच्चीवर गेले, छत्रीला हात न लावता आधी नुसते फेरी मारून आले आणि मला विचारलं, हे तुला कुणी करून दिलं गं. मी नाव सांगितलं. काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. मग पिशवीतनं काय काढलं असेल, तर पाणसळ. गवंड्याकडं असते ती, मधे बुडबुडा असलेली. म्हणलं काका हे कशाला. म्हणाले, छत्री ज्यावर बसते तो उभा पाइप ओळंब्यात नसला तर बाकी सगळं खोटं. पाइपाला लावून दाखवली, बुडबुडा एका टोकाला जाऊन बसलेला. छत्रीच्या मागं अंशांची पट्टी छापलेली असते, किती वर बघायचं त्याची, ती पट्टी पाइप सरळ उभा आहे असं धरूनच छापलेली असते. पाइपच वाकडा म्हणल्यावर त्या आकड्याला अर्थ राहत नाही, मग पोरं काय करतात, खालचा ओरडतो आलं आलं आणि वरचा तिथंच नट पिळतो. आलं म्हणजे नेमकं मधोमध आलं का कडेनं आलं हे कुणी बघत नाही.

मग त्यांनी पाइप धरून हलवला. हलला. हत्ती सोडा, माझ्या हातानं हलला. गुट्टीतले दोन्ही स्क्रू नुसते भोकात उभे होते, बोटानं वर आले. काका म्हणाले छत्रीची एक कड एक सेंटीमीटर सरकली तर तिची नजर जवळपास दोन अंश फिरते, आणि उपग्रह आहे साधारण 36,000 किलोमीटरवर, म्हणजे तिथं पोचेपर्यंत बाराशे किलोमीटरनं चुकलीस तू. मी म्हणलं मी नाही हो, तो पोरगा. हसले.

बिल्डिंगचं विचारलं तर म्हणाले ती अजून पाच मजली होऊ दे, काही फरक पडत नाही. हे मला खरंच नवीन होतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्याकडं घरोघरी ज्या डिश आहेत त्यांचे उपग्रह 83 ते 108 अंश पूर्व रेखांशाच्या दरम्यान आहेत, सगळे विषुववृत्तावर. सातारा साधारण 74 अंशावर. म्हणजे आपल्याला ते सगळे दक्षिण आणि पूर्व यांच्या मधल्या बाजूला, आणि सगळे चांगले उंचावर. ते फुकट चॅनेलवालं डीडी फ्री डिश आहे ना, त्याचा जीसॅट-15 हा उपग्रह 93.5 अंशावर, तो साताऱ्यातनं बघितलं तर क्षितिजापासून जवळजवळ 60 अंश वर येतो. म्हणजे मान चांगली मागं टाकायला लागेल एवढा. पण छत्री बघितली तर वाटतं ही सरळ समोर बघतेय, शेजाऱ्याच्या खिडकीत. त्याचं कारण असं की एलएनबी मधोमध नसतो, खालच्या अंगाला असतो, त्यामुळं छत्री दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. तिरळ्या माणसासारखं, बघतोय कुठं ते आपल्याला कळत नाही. आपली गच्ची पहिल्या मजल्याच्या वर, बिल्डिंग रस्त्यापलीकडं, ती आडवी येणं शक्यच नाही. मी अडीचशे रुपये देऊन ते ऐकून घेतलं होतं.

आता जादा वायरीचा विषय. कपड्यांच्या तारेजवळ काळ्या चिकटपट्टीचा एक गोळा होता, मला वाटायचं बांधायला लावलाय. तो जोड होता! वायर कमी पडली म्हणून दुसरा तुकडा घेऊन आतल्या तारा एकमेकींना पिळा देऊन वरनं पट्टी गुंडाळलेली. आणि त्याचे माझ्याकडनं तीनशे घेतलेले. उन्हानं पट्टीचा डिंक पाघळून सुटलेला, आत पाणी. काकांनी तो सोडला आणि वायर खाली धरली तर खरंच थेंब पडला, मी डोळ्यांनी बघितला. वर एलएनबीला जो कनेक्टर होता तो पण हातानं पिळून बसवायचा, त्यावर पट्टी नाही काही नाही, उघडा. सोडवला तर आतली तार हिरवीगार, देवघरातल्या न घासलेल्या तांब्यासारखी. भोवतीच्या जाळीचे दोन केस मधल्या तारेला टेकायच्या बेतात.

आणि अर्ध्या चॅनेलचं कोडं इथं सुटलं. बॉक्समधनं ह्याच वायरीतनं वर वीज जाते, 13 नाहीतर 18 व्होल्ट, एलएनबी त्यावरच चालतो. आणि ती नुसती चालवायला नसते, खूण पण असते. उपग्रहावरनं लहरी दोन तऱ्हेच्या येतात, उभ्या आणि आडव्या, काही चॅनेल ह्यात काही त्यात. 13 मिळाले की एलएनबी उभ्या घेतो, 18 मिळाले की आडव्या. काकांनी वर मीटर लावला, मला खाली आडव्यातलं चॅनेल लावायला सांगितलं, बॉक्समधनं 18 सुटत होते आणि वर पोचत होते जेमतेम चौदा. गंजलेल्या जोडात बाकीचे खपले. म्हणजे एलएनबीला वाटायचं आपल्याला उभ्याच मागितल्यात, तो इमानदारीत उभ्याच द्यायचा. सासूबाईंची मालिका आडव्यात होती. हे मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला, त्या म्हणाल्या आडवी का उभी मला काय करायचंय, लागली का ते सांग.

जुना एलएनबी मी टाकून दिला नव्हता. काकांनी तो लावून बघितला. चांगला होता. साडेचारशे पाण्यात, अक्षरशः.

खिडकीतली वायर चेपून पापड झालेली. शिवाय ती वरनं थेट खाली उतरत आत शिरलेली, त्यामुळं पावसाचं पाणी वायरीवरनं ओघळत खिडकीतनं आत भिंतीवर. मला वाटायचं खिडकी गळते, दोनदा मी तिथं पांढरं सिमेंट भरलं.

काकांनी मग दोन अडीच तास घेतले. जिन्यावरच्या खोलीच्या भिंतीवर, गच्चीच्या जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, चार जाड फास्टनर, चारही लोखंडी. पाइप पाणसळ लावून दोन्ही बाजूंनी सरळ. मग छत्री बसवली, नट नुसते हातानं आवळले आणि मोबाईलवर कंपास लावून दिशा धरली. बारीक फिरवाफिरव करताना त्यांनी ती वरची हिरवी पट्टी बघितलीच नाही. म्हणाले ती स्ट्रेंग्थ, ती वायर जोडली की भरतेच, तिला विचारून उपयोग नाही. खालची बघायची, क्वालिटी, ती काही नसती म्हणाला होता ना तो, तीच सगळं असती. निम्म्यावर असलेली ती पट्टी त्यांनी इकडं एक केस तिकडं एक केस करत करत नव्वदच्या वर नेली, मी खालनं आकडे ओरडतेय, नाना मधे उगाच ओरडतायत आला आला. एलएनबी पण त्याच्या पकडीत थोडा फिरवला, त्यानं अजून तीन-चार टक्के वाढले. मग नट पक्के आवळले आणि आवळल्यावर परत बघितलं, कारण आवळताना पण सरकते. हे आवळल्यावर परत बघणं मला लई आवडलं. हुक लावून झाले की मी पण एकदा लावून काढून बघते.

वायर अखंड, एकही जोड नाही, डिशसाठी वापरतात ती चांगली जाड, आरजी-6 म्हणतात ती. कनेक्टर दाबून बसवायचे, त्याचं टूल होतं त्यांच्याकडं. वर रबरासारखी एक पट्टी ओढून ओढून गुंडाळली, ती आपली आपल्यालाच चिकटून एकजीव होते, डिंक नसतोच तिला. भिंतीला भोक पाडलं ते बाहेरच्या बाजूला उतार ठेवून, आणि भोकाच्या आधी वायरीला खाली एक झोळ दिला, हार घालतो तसा. पाणी झोळात येतं, तिथनं ठिपकतं, आत जात नाही. कितीचा खर्च त्या झोळाला, वितभर वायर. भोकाला बाहेरनं सिलिकॉन. सगळे मिळून साडेअकराशे घेतले, सामानासकट. मी दोनशे जादा देत होते, घेतले नाहीत, वर माझ्या मशीनचा दिवा लुकलुकत होता तो नीट करून गेले.

तक्रारीचं पण लिहिते, थोडक्यात. कंपनीच्या कस्टमर केअरला मी तीनदा नोंदवलं होतं, त्यातल्या दोन वेळा कुणी आलं नाही आणि मोबाईलवर मेसेज आला की तुमची तक्रार सोडवली आहे. एकदा तर दुकानातला पोरगा फोनवर ओटीपी मागत होता, वहिनी ओटीपी सांगा मी संध्याकाळी येतो. मी दिला. तो ओटीपी काम झाल्यावर द्यायचा असतो, तो दिला की त्यांच्या लेखी तक्रार मिटली. माझी चूक, तुम्ही करू नका. शेवटी 1915 ला फोन केला, ग्राहक हेल्पलाइन आहे सरकारी, मराठीत बोलता येतं. फोटो काढून ठेवले होते हिरव्या तारेचे, गुट्टीचे, चिकटपट्टीच्या गोळ्याचे. पंधरा-वीस दिवसांनी दुकानाच्या मालकाचा स्वतः फोन, ताई कशाला एवढं वर जायचं, मला सांगायचं ना. म्हणलं दादा पाच वेळा सांगितलं. एलएनबीचे साडेचारशे परत दिले. व्हिजिटचे पाचशे आणि वायरीचे तीनशे काही दिले नाहीत, म्हणाला पोरं आता काम सोडून गेली. पोरांवर माझा राग नाही फारसा. नंतर कळलं की त्यांना दिवसाला किती बसवल्या त्यावर पैसे मिळायचे, ओळंबा धरायचे कुणी देत नाही.

ह्या वर्षीचा पावसाळा निम्मा गेलाय. टीव्ही जातो, नाही असं नाही, अगदी समोरचं घर दिसेनासं होतं तसल्या सरीत पाच-सात मिनिटं जातो आणि सर ओसरली की आपोआप येतो. तेवढं चालायचंच, काका म्हणाले ह्या लहरींना मोठा पाऊस सोसत नाही, ते कुणाच्या बापाला चुकत नाही. पण पाऊस थांबल्यावर पण आला नाही असं एकदाही झालेलं नाही. वाऱ्यानं तर अजिबात नाही.

तुम्ही बसवून घेणार असाल तर चहा आधी टाकून ठेवा आणि पोरं असतील तोवर गच्चीवरच थांबा, हे माझं सगळ्यात पहिलं सांगणं. ड्रिल कुठं लावतोय ते लावायच्या आधी विचारा, गच्चीच्या जमिनीला तर लावूच देऊ नका. पाइप धरून स्वतः हलवा, लाज बाळगू नका. खालची पट्टी किती ते विचारा आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी घसरली तर दाखवायला राहतो. जोड दिसला तर पैसे द्यायच्या आधी बोला. मॅडम तुम्हाला नाही कळायचं त्यातलं असं म्हणतील, मला पण म्हणाले होते.

स्टारचं म्हणाल तर एक दिलाय तो ड्रिलला, खरंच चांगलं मशीन होतं, बावीस हजारांच्या कोब्यातनं लोण्यासारखं गेलं. ती चार भोकं काकांनीच सांगितलेल्या गवंड्याकडनं बुजवून घेतली, नऊशे रुपये. खालचा डाग अजून आहे. पेंटर म्हणतोय ओल पूर्ण वाळल्याशिवाय रंग धरणार नाही, दिवाळीच्या आधी जमलं तर बघू, आणि तोवर त्या डागाखालचा पलंग आम्ही दुसऱ्या भिंतीला सरकवलाय.